मोठा, धाकटी आणि अमेरिकन कॉलेज गोल्फचा हिशोब

आमच्या दादाच्या घरी सध्या अमेरिका चालू आहे. अजून कुणी गेलेलं नाहीये, पण जेवताना अमेरिका, चहाला अमेरिका, परवा सत्यनारायणाला दादा चक्क गुरुजींना सांगत होता की तिकडे गोल्फ खेळणाऱ्या पोरांना कॉलेजं पैसे देऊन बोलावतात. गुरुजी म्हणाले, वा वा, आणि पोथी उघडली. दादाची दोन मुलं, मोठा अकरावीत आणि धाकटी दहावीत, दोघंही बऱ्याच वर्षांपासून खेळतात, दोघांचीही बऱ्यापैकी प्रगती आहे. पण घरात न बोलता ठरलेलं असं की आधी मोठ्याचं बघायचं, एकदा त्याचं मार्गी लागलं की मग धाकटीचं, आणि तिचं काय, ती तर हौस म्हणून खेळते.

मी पडले हिशोबातली बाई, सगळी नोकरी लोकांची व्हाउचरं तपासण्यात गेली. त्यामुळे मी एका रविवारी बसून हा सगळा प्रकार आकड्यांत मांडला आणि निघालं उलटंच. ज्या पोरीला हौशी म्हणून बाजूला बसवलंय तिचे चान्स मोठ्यापेक्षा बरेच बरे आहेत. दादाला सांगितलं तर म्हणाला, तू आत्या आहेस, तुला तिचंच पडलंय. ते खरंय, पण आकडे माझे नाहीत ना. म्हणून इथे सविस्तर लिहितेय, बडोद्यात अजून चारदोन घरं अशी असतील जिथे हाच घोळ चालू असेल.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं बडोद्याबद्दल. आमच्याकडे गोल्फ म्हणजे लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातला कोर्स, गायकवाड बडोदा गोल्फ क्लब. महाराज प्रतापसिंहरावांनी तो युरोपियन पाहुण्यांसाठी करून घेतला होता, नंतर 1990च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी तो नव्याने तयार करून बाहेरच्यांसाठी उघडला. समरजितसिंह स्वतः रणजी खेळलेले. शेजारीच मोतीबाग मैदान आहे, त्यामुळे पोरं राजवाड्यात खेळायला जातात म्हटलं की दांडिया बाजारातले आमचे नातेवाईक क्रिकेटच धरून चालतात, आणि का नाही धरणार, विजय हजारे, किरण मोरे, पठाण, पांड्या, गावाची परंपराच ती. गोल्फ म्हटलं की शेजारच्या बा एकच विचारतात, केटलो खर्च थाय?

सकाळी लवकर गेलं की ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) दव असतं. पुट, म्हणजे भोकाकडे चेंडू घरंगळवायचा हलका फटका, मारला की चेंडूच्या मागे गवतावर गडद ओली रेघ उठते, चेंडू कुठे वळला, कुठे मंदावला ते सगळं त्या रेघेत दिसतं, आणि कॅडीकाका पायाने ती रेघ दाखवून धाकटीला सांगतात, बघ, इथे तू उजवीकडचा उतार कमी धरलास. बॅग कॅडीकाकांच्या खांद्यावर, कुठला क्लब (म्हणजे गोल्फची काठी) घ्यायचा तेही अर्धंअधिक काकाच ठरवणार, ग्रीन वाचणार पण काकाच. आपल्याकडे सगळीकडे असंच शिकतात आणि खरं सांगायचं तर आपल्याकडचे कित्येक चांगले प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, याच वातावरणातून आलेत, एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्याच्या कोर्सवर ग्रीनकीपर होते. पण हे कॅडीचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मोठ्या स्पर्धांच्या सरावाला पोरांना अहमदाबादला न्यावं लागतं, तिकडे जॅक निकलॉसच्या कंपनीने डिझाइन केलेला कल्हार आहे, गॅरी प्लेअरचा गुलमोहर ग्रीन्स आहे, साणंदच्या पुढे केन्सव्हिल आहे. पहाटे उठून एक्सप्रेसवेने जायचं, दिवसभर उन्हात, रात्री परत. पेट्रोल, ग्रीन फी, कोच, चेंडू (चेंडू हरवतात हो, आणि एकेक चेंडू महाग असतो), हे सगळं दोन मुलांसाठी. म्हणून मग घरात हा प्रश्न येतोच की दोघांपैकी कुणावर जास्त लावायचे. प्रश्न चुकीचा नाहीये, उत्तर न तपासता काढलंय इतकंच.

आता मुद्द्यावर येते. तिकडच्या युनिव्हर्सिटीत पुरुषांची टीम आणि महिलांची टीम अशा दोन वेगळ्या टीम असतात. बहुतेक ठिकाणी कोच वेगळे, वेळापत्रक वेगळं, बजेट वेगळं. आपल्याला गोल्फ म्हणजे एकट्याचा खेळ वाटतो पण कॉलेजात तो टीमचा होतो आणि तो कसा होतो ते फार मजेशीर आहे. स्पर्धेला पाच जण खेळतात, प्रत्येक राउंडला (18 होलांची, म्हणजे भोकांची, एक फेरी) त्यातले सगळ्यात चांगले चार स्कोअर मोजतात, पाचवा टाकून देतात. स्कोअर म्हणजे फटके, जितके कमी तितकं चांगलं. समजा पाच मुलींनी 72, 74, 75, 78 आणि 83 मारले, तर 83 बाद, टीमचा स्कोअर 299. गंमत अशी की राउंड संपेपर्यंत बाद कोण होणार हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे 83 मारणारीने शेवटच्या होलवर दोन फुटांचा पुट सोडून चालत नाही, कारण मागून येणारी 85 मारून आली तर तिचा 83 मोजला जाणार. मला हा नियम भयंकर आवडला. धाकटीचा स्वभाव बघता तिला हे जमेल, ती वाईट दिवशी सुद्धा मान खाली घालून खेळत राहते. मोठा एक डबल बोगी (एका होलवर ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त) झाली की क्लब बॅगेत आपटतो. (दादा, वाचत असशील तर रागावू नकोस, सगळ्या क्लबला माहीत आहे.)

साधारण स्पर्धा 54 होलची असते, म्हणजे तीन राउंड, आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी 36 होल खेळवतात. दिवसभर. आणि कॅडी नाही! आपली बॅग आपण उचलायची किंवा ढकलगाडीवर टाकायची. कोच कोर्सवर फिरत असतो, सल्ला देऊ शकतो, पण पाच जणांत एक कोच, फार तर जोडीला असिस्टंट, तो काय प्रत्येक होलवर तुमच्यासाठी उभा राहणार? म्हणजे ग्रीन स्वतः वाचा, वारा स्वतः बघा, यार्ड स्वतः मोजा. आपल्याकडून जाणाऱ्या पोरांना पहिल्या सेमिस्टरला झटका बसत असेल तर तो इथे बसेल असं मला वाटतं, स्विंगमध्ये नाही. मी दादाला तेव्हाच म्हटलं की पोरांना आतापासून महिन्यातून काही राउंड कॅडीशिवाय खेळव. मार्चच्या उन्हात अहमदाबादला धाकटीने स्वतःची बॅग ओढत दोन राउंड केले, दुसऱ्या राउंडच्या शेवटी शेवटी तिचा चेहरा टोमॅटो झाला होता आणि वहिनी लिंबूपाण्याची बाटली घेऊन कोर्सच्या कडेकडेने माझ्या नावाने बोटं मोडत चालत होत्या.

मोठी स्पर्धा म्हणजे एनसीएए, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, चॅम्पियनशिप. डिव्हिजन वनला (कॉलेजांच्या तीन गटांतला सगळ्यात वरचा) पुरुषांच्या 30 टीम आणि महिलांच्या 30 टीम पोचतात. 54 होलनंतर निम्म्या घरी, मग 72 होलनंतर पहिल्या आठ टीम उरतात आणि त्यांच्यात मॅच प्ले होतं, समोरासमोर पाच लढती, तीन जिंकल्या की टीम पुढे. मॅच प्ले पुरुषांत 2009 पासून आलं, महिलांत 2015 पासून. 2024 आणि 2025 ला दोन्ही चॅम्पियनशिप कॅलिफोर्नियात कार्ल्सबादच्या ला कोस्टा कोर्सवर झाल्या, आधी मुली आणि लगेच पाठोपाठ मुलं, एकाच कोर्सवर, फक्त मुलींसाठी टी (पहिला फटका मारायची जागा) पुढे आणतात. 2025 ला महिलांत नॉर्थवेस्टर्नने स्टॅनफर्डला फायनलमध्ये 3-2 ने हरवलं. नॉर्थवेस्टर्न म्हणजे शिकागोच्या शेजारची, हिवाळ्यात बाहेर बर्फच बर्फ, आणि त्यांनी कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाढलेल्या टीमला पाणी पाजलं. आमच्या दादाने यादीतून सगळी थंडीची कॉलेजं खोडली होती, ती मी परत लिहिली.

इतिहास बघितला तर पुरुषांची बाजू केवढी जुनी आहे. पुरुषांची कॉलेज चॅम्पियनशिप 1897 पासून चालू आहे, येलच्या नावावर 21 विजेतेपदं आहेत, बहुतेक सगळी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. नंतर ह्यूस्टन, ओक्लाहोमा स्टेट. जॅक निकलॉस ओहायो स्टेटचा, फिल मिकलसन अ‍ॅरिझोना स्टेटचा, तो तर तीन वेळा वैयक्तिक चॅम्पियन. टायगर वुड्स स्टॅनफर्डचा, 1996 ला वैयक्तिक विजेता झाला आणि लगेच प्रो झाला. आणि महिलांची पहिली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा 1941 ला ओहायो स्टेटमध्ये झाली, पण एनसीएएने महिलांची चॅम्पियनशिप भरवायला 1982 उजाडलं! म्हणजे पुरुषांच्या मागून 85 वर्षांनी. अनिका सोरेनस्टॅम स्वीडनहून अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीत आली आणि 1991 ला जिंकली, लोरेना ओचोआ मेक्सिकोहून त्याच अ‍ॅरिझोनाला. हल्लीची रोझ झँग, स्टॅनफर्ड, 2022 आणि 2023 लागोपाठ वैयक्तिक विजेती, महिलांत दोनदा जिंकणारी ती पहिलीच.

आता तुम्ही म्हणाल की पुरुषांचं एवढं जुनं, एवढं मोठं, मग मुलाला जास्त चान्स पाहिजे. इथेच तर सगळी गोम आहे.

1972 ला अमेरिकेत टायटल नाइन नावाचा कायदा आला. इंग्रजीत त्याचं मुख्य वाक्य जेमतेम 37 शब्दांचं आहे आणि त्यात खेळाचं नाव सुद्धा नाही, फक्त एवढंच की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणाच्या कुठल्याही कार्यक्रमात स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. पण त्याचा परिणाम खेळांवर प्रचंड झाला. तिकडे कॉलेजात अमेरिकन फुटबॉल म्हणजे देव आहे, मोठ्या कॉलेजात एकट्या फुटबॉलला 85 स्कॉलरशिप असायच्या आणि त्या सगळ्या मुलांच्या. मग मुलींच्या बाजूला भरपाई कुठून करायची? तर इतर खेळांतून. म्हणून डिव्हिजन वनला वर्षानुवर्षं गोल्फच्या स्कॉलरशिपचा कमाल आकडा पुरुषांच्या टीमला 4.5 आणि महिलांच्या टीमला 6 असा होता. डिव्हिजन टूला 3.6 आणि 5.4. टेनिसमध्ये तर 4.5 आणि 8. हे मी दादाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला साडेचार स्कॉलरशिप म्हणजे काय, अर्धा मुलगा घेतात का.

तर ते असं. गोल्फमध्ये पूर्ण स्कॉलरशिप एकेकाला द्यायचीच असं नाही, कोचकडे एक गठ्ठा असतो आणि तो त्याने वाटायचा, आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या होतात ना, एकाला माडी, एकाला पडवी, एकाला नुसती विहिरीकडची खोली, तसं. पुरुषांच्या टीमला नऊ मुलं धरली तर 4.5 चे सरासरी अर्धे अर्धे होतात, त्यात पहिल्या नंबरच्या मुलाला कोचने जास्त दिलं की शेवटच्यांना पुस्तकांपुरते पैसे. महिलांच्या टीमला आठ मुली धरल्या तर सहा भागिले आठ, पाऊण. अर्धा आणि पाऊण यातला फरक एरवी किरकोळ वाटेल पण चांगल्या खासगी युनिव्हर्सिटीत राहणं-जेवण-फी मिळून वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर जातं, त्याचा पाव भाग म्हणजे 20 हजार डॉलर, आणि हे चार वर्षं. दादाने फोनवर कॅल्क्युलेटर उघडला आणि मग बराच वेळ गप्प होता.

आणि हा नुसता वाटणीचा फरक झाला. मागणारे किती आहेत ते पण बघा. अमेरिकेत शाळेच्या टीममधून गोल्फ खेळणाऱ्या मुली मुलांच्या साधारण निम्म्या आहेत, टीमची संख्या मात्र काही निम्मी नाही, डिव्हिजन वनला पुरुषांच्या तीनशेच्या आसपास तर महिलांच्या अडीचशेच्या वर. म्हणजे एका जागेमागे रांग मुलींची लहान. म्हणून तर महिलांच्या टीममध्ये स्वीडन, स्पेन, थायलंड, कोरिया, तैवान सगळीकडच्या मुली दिसतात. पुरुषांतही परदेशी असतात पण तिथे तुमच्या पोराला टेक्सास-फ्लोरिडातल्या त्या पोरांशी भांडायचंय जी चालायला लागल्यापासून वर्षाचे बारा महिने खेळतायत. मोठा चांगला खेळतो, नाही म्हणत नाही. पण त्याच्यासारखा स्कोअर असलेली पोरं तिकडे ढिगाने आहेत, आणि धाकटीसारखा स्कोअर असलेल्या मुली नाहीत. इतका साधा हिशोब आहे.

थांबा, एक नवीन भानगड आहे, ती सांगितली नाही तर हिशोब जुना राहील. जून 2025 ला तिकडे कोर्टात हाउस सेटलमेंट नावाची एक मोठी तडजोड मंजूर झाली. तेव्हापासून जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि टीमच्या संख्येची मर्यादा आली, गोल्फला पुरुष 9, महिला 9. म्हणजे कॉलेजच्या मनात असेल तर नवाच्या नऊ जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येईल. ऐकायला झकास. पण त्याच तडजोडीत कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे वाटायचीही परवानगी मिळाली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला 20.5 दशलक्ष डॉलरपर्यंत, आणि ते पैसे जाणार कुठे, फुटबॉल आणि बास्केटबॉलला. मग गोल्फच्या नऊच्या नऊ जणांना पूर्ण स्कॉलरशिप देण्याइतके किती कॉलेजांच्या गल्ल्यात उरणार? माझा अंदाज, श्रीमंत कॉलेजात दोघांचंही भलं होईल आणि बाकी ठिकाणी जुनंच गणित थोड्याफार फरकाने चालेल. शिवाय पुरुषांच्या टीममध्ये पूर्वी दहा-बारा पोरं असायची, त्यातली काही स्वतःच्या पैशाने येऊन टीममध्ये घुसायची, तो दरवाजा नवाच्या मर्यादेने अरुंद झाला. म्हणजे मोठ्याला इथेही फटका. दादा म्हणाला आपण फी भरू आणि टीममध्ये घालू. घालू काय घालू, पोळीभाजी केंद्र आहे का ते.

भरीला, खेळाडूंना जाहिरातीबिहिरातीतून पैसे मिळतात असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते आपल्या पोरांना फारसं लागू नाही. एफ-1 व्हिसावर (विद्यार्थ्यांच्या व्हिसावर) गेलेल्याला तिकडे बसून असं काम करून कमाई करता येत नाही. हे लिहून ठेवा कारण आमच्याकडे एका एजंटाने अगदी हेच स्वप्न दाखवलं होतं. हा एजंट म्हणजे एक स्वतंत्र किस्सा आहे, चकचकीत फाइल, लाखांत फी, आणि त्याने फक्त मोठ्याची फाइल बनवून आणली होती. मुलगी पण खेळते म्हटल्यावर म्हणाला, हो हो, तिचं पण बघू, सेकंड फेजला. त्याच्या फाइलमध्ये टायटल नाइनचा टा सुद्धा नव्हता. त्याच्याच धंद्यातली गोष्ट त्याला माहीत नाही किंवा माहीत असून सांगितली नाही, दोन्ही वाईटच.

एजंट लागत नाही असं माझं ठाम मत झालंय. कोचला ईमेल करायचा असतो, तो पोरांनी स्वतः करायचा असतो, बापाने नाही. त्यात काय पाहिजे तर बारावी कधी होणार ते साल, शाळेचे मार्क, स्पर्धांमधले स्कोअर आणि सोबत तो कोर्स किती यार्डांचा होता ते (6,000 यार्डांवरचा 74 आणि 7,000 वरचा 74 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे), पुढच्या स्पर्धा कुठे आहेत ते, आणि स्विंगचा लहानसा व्हिडिओ, एक समोरून आणि एक मागून, त्यावर गाणं लावायचं नाही. धाकटीच्या व्हिडिओला वहिनींच्या भाच्याने ढोल-ताशा लावला होता, तो काढायला सांगितला.

आणि तारखा. डिव्हिजन वनचा कोच तिकडच्या दहावीच्या वर्षानंतरच्या 15 जूनच्या आधी तुम्हाला काही खास उत्तर देऊच शकत नाही, नियमच आहे. त्यामुळे आधी पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं नाही म्हणून पोरं हिरमुसतात, तसं करू नका, कोच वाचत असतो, बोलू शकत नसतो. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला नाव नोंदवावं लागतं, तिथे नववीपासूनचे विषय मोजतात, मुख्य विषयांचे 16 कोर्स, डिव्हिजन वनसाठी जीपीए (मार्कांची चारपैकी सरासरी) किमान 2.3. आपल्याकडे नववी म्हणजे कुणी ढुंकून बघत नाही, स्पर्धांना पाठवायला हेच वर्ष बरं म्हणतात, आणि नेमकी तीच मोजतात. एसएटी ही प्रवेश परीक्षा एनसीएएला आता लागत नाही पण एखाद्या युनिव्हर्सिटीला लागू शकते. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे आपला लाडका ड्रॉप. बारावीनंतर गोल्फमध्ये एका वर्षाची सूट आहे, त्यापुढे घरी बसून स्पर्धा खेळत राहिलात तर खेळायच्या वर्षांतून कापलं जातं. नीटसाठी दोन-दोन ड्रॉप घेणाऱ्या आपल्या समाजाला हे सांगावंच लागतं.

प्रो झालं की कॉलेज गोल्फ संपलं, हेही आहे. अदिती अशोकने तो दुसरा रस्ता धरला, 2016 ला सतरा वर्षांची असताना प्रो झाली, त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिक, आणि मग टोकियो. 7 ऑगस्ट 2021 ची ती सकाळ आठवते ना, आख्खा देश पहाटे उठून गोल्फ बघत होता, ज्यांना पार म्हणजे काय माहीत नाही ते सुद्धा, आणि एका शॉटने ब्राँझ गेलं. (संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं आणि सकाळचं सगळे विसरले, माझ्या घरात सोडून.) आपले उदयन माने, पुण्याचे, ते पण त्याच ऑलिम्पिकला होते, किती मराठी लोकांना माहीत आहे? पण अदिती ही अदिती आहे. बाकीच्या मुलींसाठी डिग्री हातात, चार वर्षं रोजचा सराव, चांगले कोर्स, ट्रेनर, आणि शेवटी नाहीच जमलं प्रो व्हायला तर नोकरी, हा रस्ता जास्त शहाणपणाचा. पुरुषांत साहित थीगालाचं उदाहरण आहे, आईवडील हैदराबादकडचे, तो कॅलिफोर्नियातच वाढला, पेपरडाइन युनिव्हर्सिटीला खेळला आणि मग पीजीए टूर, म्हणजे तिकडची पुरुषांची सगळ्यात मोठी प्रो मालिका. अर्जुन अटवालने सुद्धा न्यूयॉर्कच्या नासाउ कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली होती आणि 2010 ला पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला. म्हणजे स्टॅनफर्डच पाहिजे असं काही नाही.

हे सगळं बाबांपुढे मांडलं, बाबा म्हणजे माझे आणि दादाचे वडील, ऐंशी पार, रोज सकाळी सूरसागरला फेरी आणि पेपर. त्यांचं म्हणणं वेगळंच. म्हणाले, बडोद्यातून अमेरिकेला स्कॉलरशिपवर जाणं यात नवीन काय आहे, सयाजीराव महाराजांनी 1913 ला आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन संस्थानची नोकरी करायचा करार. तेव्हा कुणी चेंडू मारता येतो का विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तेव्हा महाराज होते, आता कोच आहेत. ते हसले नाहीत. पण मग स्वतःच म्हणाले, पोरीला आधी पाठवा, हंसाबेन मेहता इथे युनिव्हर्सिटीच्या कुलगुरू होत्या तेव्हा आम्ही शाळेत जात होतो, बाईच्या हाताखाली आख्खी युनिव्हर्सिटी चालली, तुमचं गोल्फ काय घेऊन बसलात. दादाची बोलती बंद करायला माझ्या आकड्यांपेक्षा बाबा उपयोगी पडले हे कबूल केलं पाहिजे.

दादाचा आणि वहिनींचा खरा अडसर पैशाचा नाहीये हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी एकटी, सतरा-अठराव्या वर्षी, इतक्या लांब. मोठ्याच्या बाबतीत हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, मुलगी एकटी बाहेर राहण्याचा याहून जास्त बंदोबस्तातला प्रकार मला तरी माहीत नाही, दिवसभर टीम, कोच, ट्रेनर, अभ्यासाला ट्यूटर, स्पर्धेला जायचं ते सगळ्यांनी मिळून, सीझनमध्ये सराव आठवड्याला 20 तासांच्या वर घेता येत नाही असा नियम. एखादा मुलगा मास्टर्सला जाऊन चार जणांत फ्लॅट शेअर करून मॅगी खातो त्यापेक्षा कितीतरी बरं. वहिनींना जेवणाचं पटलं, बाकीचं अजून पूर्ण पटलेलं नाहीये, पण यादीला हात लावू दिला.

यादीत सध्या डिव्हिजन वनची थोडी, डिव्हिजन टूची बरीच आणि दोनचार डिव्हिजन थ्रीची. थ्रीला खेळाची स्कॉलरशिप मिळतच नाही, येलसारख्या आयव्ही लीगवाल्यांकडेही नाही, पण मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळू शकते आणि धाकटीचे मार्क चांगले आहेत, म्हणून ठेवलीत. अ‍ॅरिझोनाशी वेळेचा फरक साडेबारा तास, म्हणजे इकडे रात्री साडेदहा वाजता तिकडे सकाळचे दहा, फोन आलाच तर पोरगी जागी असेल. पहिले ईमेल तिनेच लिहिले, मी फक्त स्पेलिंग बघितलं. दहावीचे पेपर संपले की मेमध्ये अहमदाबादच्या स्पर्धा, आणि मग 15 जून.

मोठ्यासाठी ती तारीख गेल्या वर्षीच येऊन गेली. एकदोन डिव्हिजन टूच्या कोचनी उत्तरं दिलीत, बघू. पण खरं म्हणजे त्याचं लक्ष हल्ली दुसरीकडेच असतं, कोर्सवर गेला की माळीकाकांशी ग्रीनच्या गवताबद्दल बोलत बसतो, किती मिलिमीटर कापता, पाणी कधी देता, बुरशी आली तर काय करता. पेन स्टेटला गोल्फच्या गवताचंच वेगळं शिक्षण आहे हे त्यानेच शोधून काढलंय, दादाला अजून सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.